आवाजाची वेस

कार्ल्याचें चैत्यगृह आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मावळांत शिक्षक असतांना मुलांची सहल घेऊन मी तेथें कित्येकदां गेलों. ३७ खांबांच्या त्या दगडी दालनांत शिरतांच मुलें पहिली गोष्ट करीत, ती टाळी वाजविण्याची. टाळी एक, परंतु उंच कमानीखालीं तिचा घुमारा बराच वेळ रेंगाळे. सावकाश म्हटलेली प्रार्थना तेथें गोड लागे. मीं भराभर सांगितलेला इतिहास मात्र मागच्या मुलांस कळत नसे. एक अक्षर विरण्यापूर्वींच दुसरें त्यावर येऊन पडे. आवाज भरपूर, शब्द मात्र हरवलेला! मोठ्या समारंभांच्या ध्वनिव्यवस्थेसंबंधीं आज मला जें सांगावयाचें आहे, त्याचें बीज आवाज आणि शब्द यांच्या या भेदांत आहे.

विजेचीं साधनें नव्हतीं तेव्हां कीर्तनकारांचें पद मागें उभे असलेले टाळकरी उचलून धरीत, आणि तें दूरवर बसलेल्यांपर्यंत जाई. पुढें यंत्र आलें. १९१९ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें अध्यक्ष विल्सन यांनीं ध्वनिक्षेपकांच्या साहाय्यानें सुमारें ५० हजार लोकांपुढें भाषण केलें. एका कंठास मोठ्या जनसमुदायापर्यंत पोंचतां येऊं लागलें. त्याबरोबर एक भ्रमहि जन्मास आला. तो हा कीं, ऐकूं येत नसेल तर आवाज वाढवावा.

हा भ्रम मलाहि होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था एके वर्षीं माझ्याकडे होती. मागच्या पालकांनीं "ऐकूं येत नाहीं" अशी हाकाटी केली. मीं यंत्रवाल्यास म्हटलें, "वाढवा!" त्यानें वाढविला. कर्ण्यांतला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्यें शिरून कर्णा किंचाळूं लागला. मैदानामागें सुमारें ८५ मीटरांवर डोंगराचा कडा होता. त्यावर आपटून प्रत्येक वाक्य अर्ध्या सेकंदानें परत येई. मागच्या लोकांना शब्द कळले नाहींत ते नाहींतच. दुसऱ्या दिवशीं समजलें कीं, ओढ्यापलीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई आजारी होती आणि तिनें सारी रात्र कानांत कापूस घालून काढली. मीं त्याला विचारलें, "अरे, सांगावयास कां आला नाहींस?" तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा कार्यक्रम होता, म्हणून आलों नाहीं." त्यानें तक्रार केली असती तर बरें वाटलें असतें.

त्यानंतर मी या विद्येकडे जिज्ञासेनें पाहूं लागलों. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं लहान उगमाचा आवाज ६ डेसिबेलनीं उतरतो. म्हणजे केवळ व्यासपीठावरचे कर्णे वाढवून शेवटची रांग गांठावयाची, तर पहिल्या रांगेचे कान फुटावयाचे! यास्तव जाणता तंत्रज्ञ मैदानाच्या मध्यावर आणखी कर्णे उभारतो. पण येथें दुसरी अडचण येते. तारेंतून वीज तत्क्षणीं पोंचते, तर हवेंतून आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटरच जातो. व्यासपीठापासून १७० मीटरांवर बसलेल्यास जवळच्या कर्ण्यांतला शब्द आधीं ऐकूं येईल, आणि व्यासपीठावरचा तोच शब्द अर्ध्या सेकंदानें. माझ्या संमेलनांतील डोंगराचीच ही दुसरी आवृत्ति!

उपाय असा कीं, मागच्या कर्ण्यास जाणारा आवाज यंत्रांत तेवढाच वेळ थोपवून धरावयाचा. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानें १९४९ सालीं दाखवून दिलें कीं, तोच आवाज कांहीं सहस्रांश सेकंद मागाहून आला तर कानाला दोन आवाज वाटत नाहींत. जो प्रथम आला त्याच दिशेनें दोन्ही आल्यासारखे भासतात. म्हणून मागचा कर्णा किंचित् अधिक थोपवितात. श्रोत्यास वाटतें, वक्ताच आपल्याशीं बोलत आहे. १९७३ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील वॉटकिन्स ग्लेन येथें सुमारें ६ लाख माणसें संगीत ऐकावयास जमलीं, तेव्हां अशा विद्युत्-यंत्रांचा उपयोग करण्यांत आला होता.

हें झालें आंतल्या श्रोत्यांचें. पण बाहेरच्यांचें काय? लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलींत २०१३ च्या डिसेंबरांत 'एन्चॅन्टेड व्हॅली कार्निव्हल' हा मोठा संगीतोत्सव झाला. पवनेच्या कांठींहि लहानमोठे जलसे होतात. थंडीचे दिवस अशा उत्सवांना सोयीचे. परंतु आमच्या खोऱ्यांत ते आवाजालाहि सोयीचे असतात! निरभ्र रात्रीं थंड हवा खालीं बसते व तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. वर जाणारा आवाज त्या थरांत वांकून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि दिवसां ज्या वाडीला कांहीं ऐकूं येत नाहीं, तिला रात्रीं ठेका स्पष्ट ऐकूं येतो. त्यांतहि ढोलासारखे खर्जाचे आवाज हवेंत कमी विरतात व भिंतींनाहि फारसे जुमानीत नाहींत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० पासून सकाळीं ६ पर्यंत. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबेल अधिक, किंवा ७५ डेसिबेल, यांपैकीं जें कमी असेल त्याहून वाढतां कामा नये. पण कायदा नसता तरी उत्तम तंत्रज्ञ हेंच करता. तो कर्ण्यांचीं तोंडें डोंगराकडे न ठेवतां श्रोत्यांकडे झुकवितो. खर्जाच्या पेट्यांपैकीं कांहीं उलट्या तोंडानें ठेवून, त्यांचा आवाज योग्य तेवढा थोपवून, व्यासपीठामागें जाणारा ध्वनि परस्परांकडूनच शमवितो. आणि कार्यक्रमापूर्वीं मापनयंत्र घेऊन तो केवळ मैदानांत नव्हे, तर कुंपणाशीं व जवळच्या घराच्या अंगणांतहि जाऊन उभा राहतो.

श्रोतेहो, आपण शनिवार-रविवारीं आमच्या मावळांत येतां. या, अवश्य या. लग्नकार्य करा, गाणेंबजावणें करा. मात्र व्यवस्था ठरवितांना "कर्णे किती?" हा एकच प्रश्न विचारूं नका. "शेवटच्या रांगेंतील म्हाताऱ्याला शब्द कळेल काय, आणि कुंपणापलीकडच्या आजाऱ्याला झोंप लागेल काय?" हे दोन प्रश्न विचारा. गांवाला जशी वेस असते, तशी आवाजालाहि असावी. वेशीपर्यंत शब्द नीट पोंचविणें ही विद्या झाली. वेशीवर त्यास थांबविणें हें सौजन्य. ओढ्यापलीकडून कोणी तक्रार करावयास आलें नाहीं, एवढ्यावरून तेथें सर्व निजले आहेत असें समजूं नये, इतकें मी माझ्या विद्यार्थ्याकडून शिकलों.