फळ्यांचे दुकान, कमानींचे दुकान

पूर्वी पेण-रोह्याच्या बाजारात दिवस उजाडायचा तो फळ्यांच्या आवाजाने. आताचे लोखंडी शटर एका झटक्यात वर जाते. जुन्या दुकानाला दारच नसे, फळ्या असत. उंबऱ्यात एक खोबण, वरच्या तुळईत दुसरी, आणि त्या दोहोंत एकीला एक खेटून उभ्या केलेल्या सागवानी फळ्या. प्रत्येकीवर डांबराने आकडा घातलेला. पावसाळ्यात लाकूड फुगले की पाचवी फळी सहावीच्या जागी काही केल्या बसत नसे, म्हणून हा हिशेब. शेवटच्या फळीला कडी, कोयंडा आणि कुलूप.

रोह्याला माझ्या आत्याचे असे दुकान होते. सुट्टीत फळ्या काढायचे काम आम्हा मुलांकडे. सात नंबरची फळी हटकून अडायची. मग आतोबा तेलाचे बोट खोबणीतून फिरवत आणि म्हणत, "हळू रे, ती तुझ्या आजोबांपेक्षा मोठी आहे!"

आज मला बोलायचे आहे ते दुकानांच्या इमारतींबद्दल. माझे म्हणणे एवढेच, की दुकानाची बांधणी पाहिली की दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते कसे होते ते कळते.

आत्याचे दुकान घ्या. समोर ओटा, ओट्याच्या आत गादी, गादीमागे कोठार, वर माळा. माळ्याच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप; तिच्यातून दोराने गोणी वर ओढायची. दुकानामागे माजघर, मग विहीर आणि परसू. रस्त्याकडे तोंड चिंचोळे, आत मात्र घर लांबच लांब, कारण बाजारात रस्त्यालगतची हात-दोन हात जागासुद्धा मोलाची. छपरावर मंगळुरी कौले. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही चपटी लाल कौले किनाऱ्याने कोकणभर पसरली. छपराची पाखी इतकी पुढे आणलेली, की आषाढातल्या पावसातही ओट्यावरचे गिऱ्हाईक कोरडे राहावे.

पण गिऱ्हाईक राहायचे ओट्यावरच. माल आत, माणूस बाहेर. काय हवे ते सांगायचे, दुकानदार आतून आणून दाखवणार. भाव कुठे लिहिलेला नाही. तो बोलण्यातून ठरणार, आणि गिऱ्हाईक कोण आहे ते पाहून ठरणार. मात्र पैसे आज नसले तरी अडत नसे. वहीत नाव चढले, की भात झोडून झाल्यावर फेड.

या दुकानांत मुंबईचा माल यायचा तो पाण्यावरून. पेणला धरमतरची खाडी, रोह्याला कुंडलिका. भरतीबरोबर गलबते आत येत, भात आणि मीठ घेऊन परत जात. ज्या मुंबईकडे ती जात, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकानाची एक नवीच तऱ्हा उभी राहत होती.

1862 ते 1867 या काळात सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत कोटाचा तट पाडला गेला. तटालगतचा हॉर्नबी रोड रुंद झाला आणि पुढे त्याच्या दोन्ही अंगांना भव्य इमारती आल्या. हाच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. प्रत्येक इमारतीची शैली निराळी; पण तळमजल्यावर कमानींची पडवी मात्र सलग. मालकाची इमारत, पण तिच्याखालून चालण्याचा हक्क सगळ्या शहराचा. आपल्या ओट्यावरच्या पाख्याचेच हे दगडी रूप म्हणा. या रस्त्याचे जुने रूप राखण्याच्या कामाला 2004 साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

याच रस्त्यावर व्हाइटवे लेडलॉ या कंपनीचे दुकान होते. 1882 साली कलकत्त्यात निघालेली ही कंपनी. कपडे, बूट, टोप्या, घरसामान, सगळे एका छपराखाली. पॅरिसच्या 'बाँ मार्शे'ने ज्या प्रकारच्या दुकानांना जगभर नाव मिळवून दिले, त्यांचाच हा हिंदुस्थानी अवतार. तिकडे काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होते. लंडनमध्ये 1871 साली लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून काढलेली ती सहकारी संस्था. तिच्या मुंबईच्या इमारतीत आजही कपड्यांचे मोठे दुकान चालते.

या इमारतींनी गिऱ्हाइकाला ओट्यावरून उचलून आत घेतले. उंच छत, मोठाल्या खिडक्या, काचेची कपाटे, रुंद जिना. माल डोळ्यांसमोर मांडलेला आणि प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी. घासाघीस नाही. पण वहीसुद्धा नाही! व्हाइटवेचा रोख व्यवहार इतका प्रसिद्ध, की लोक त्या इंग्रजी नावाचीच मोडतोड करून "इथे लगेच पैसे मोजा" अशी थट्टा करीत. म्हणजे माल उघडा झाला आणि विश्वास मिटला, असे म्हणावे का? तितके सोपे नाही. ओट्यावर उभ्या असलेल्या अडाणी कुळाला भाव वाढवून सांगणारेही होतेच. छापील भावाने निदान साहेबाला आणि कारकुनाला एकच किंमत लावली. कारकुनाच्या खिशाला ती परवडत नसे, ही गोष्ट वेगळी.

आणि मग व्हाइटवेच्या इमारतीच्या नशिबी एक गमतीचा फेरा आला. 31 जुलै 1921 रोजी परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली होती. त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, विलायती कापड विकणाऱ्या त्याच व्हाइटवेच्या वास्तूत खादी भांडार आले. जिना तोच, छत तेच, छापील भावाची रीतही तीच. कपाटात मात्र हातसुताचे ताके. पेणकरांना याचे विशेष वाटायला हवे. सूतकताईला ज्यांनी साधनेची जागा दिली, ते विनोबा भावे आपल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावचे, जन्म 11 सप्टेंबर 1895 चा. आमच्या घरातली मोठी माणसे मुंबईला गेली, की या भांडारातून एखादे पंचे-धोतर आणीतच. कमानीखालून आत जाताना त्यांना बुजल्यासारखे होत नसे. इमारत साहेबाने बांधलेली, पण आत आपले माणूस भेटे.

वास्तू जपायची म्हणजे काय, याचे उत्तर मला इथे मिळते. व्हाइटवेची इमारत राहिली, कारण तिला दुसरे काम मिळाले. आपल्या बाजारातली लाकडी घरे मात्र एकेक करून जात आहेत. त्यांना कोणी वाईट म्हणत नाही. त्यांना नवे काम सुचवणारा कोणी नसतो, इतकेच. माळ्यावर वाचनालय का नको? पेणची गणपतीची मूर्ती जगभर जाते. मग एखाद्या जुन्या ओट्यावर तिचे प्रदर्शन का मांडू नये?

आत्याचे दुकानही उतरवले. आता तिथे काचेचे शोरूम आहे, आणि चांगले चालते. लाकूड विकायला काढले तेव्हा मी एक फळी मागून आणली. दोन घोड्यांवर आडवी टाकली, तिचे मेज झाले. हे भाषण त्यावरच लिहिले. कोपऱ्यात डांबराचा सात अजून स्पष्ट दिसतो. आणि पावसाळा लागला की ती अजूनही फुगते.