मातीची चाके

श्रावणातली अमावास्या जवळ आली, की रायपूरच्या बाजारात कुंभारांची दुकाने मातीच्या बैलांनी भरून जातात. छत्तीसगडी बोलीत पोळ्याला ‘पोरा’ म्हणतात आणि या बैलाला ‘नांदिया बइला’. त्याच्या पायांतून काडीचा आस घालून दोन्ही टोकांना मातीची चाके बसविलेली असतात. त्याची पूजा होते, ठेठरी-खुरमीचा नैवेद्य होतो. मग मुले दोरी बांधून त्याला अंगणभर ओढतात. मुलींच्या वाट्याला मातीचे जाते आणि चूल-बोळकी येतात. नागपूरकडील तान्ह्या पोळ्याचा बैल लाकडी असतो. चाके मात्र त्यालाही असतात.

नेमकी हीच घडण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, प्राचीन मेक्सिकोत आढळावी, हे नवल होय. 1880 साली देझिरे शार्ने या फ्रेंच संशोधकाला पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारावरील थडग्यांत चाकांची मातीची खेळणी सापडली. अनेक विद्वानांना ते पटेना. कारण त्या भूमीत गाडा नव्हता, इतकेच काय, कुंभाराचे चाकही नव्हते. तेथील कारागीर मूर्ती हाताने घडवीत किंवा साच्यात दाबून काढीत. पुढे सुमारे साठ वर्षांनी त्रेस सापोतेस व पानुको येथे चाकांची मातीची कुत्री उत्खननात निघाली, तेव्हा शंका फिटली. 1519 साली स्पॅनिश सैन्य तेथे उतरण्याच्या कित्येक शतके आधीची ही खेळणी होती.

मग त्या लोकांनी गाडा का केला नाही? त्यांची बुद्धी तेथवर पोचली नाही, असे म्हणण्यास ही खेळणीच हरकत घेतात. चाक त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हता तो बैल. घोडाही स्पॅनिशांबरोबरच आला. तोवर डोंगराळ वाटांवरून सारी ओझी माणसाच्या पाठीवर, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधाराने जात असत. ओढणारे जनावर नाही, तेथे चाक खेळण्यातच राहिले.

भग्न मूर्तींत इतिहासकार देव शोधतो, राजा शोधतो. पोराच्या हातचे खेळणे सहसा बाजूला पडते. परंतु मेक्सिकोच्या त्या कुत्र्याने एका समाजावरचा मंदबुद्धीचा आरोप दूर केला. आणि रायपूरच्या बैलाचा अर्थही त्याच्यामुळेच अधिक उमगतो. चाक ज्याला सुचले, त्याचा गौरव सारे जग करते. पोळा हा ते ओढणाऱ्याचा सण आहे.