कलाभवन आणि आजचा पदवीधर

महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला कोणते काम करावे लागेल, हे आज त्याचे प्राध्यापकही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. जे काम शिकण्यासाठी तो आला, ते शिक्षण संपण्यापूर्वीच यंत्राकडे गेलेले असते. ही अडचण केवळ आपल्याच काळाची, असा समज आहे. वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना तरी तो पटू नये. त्यांच्याच शहरात १८९० साली तिच्याशी सामना झालेला आहे.

त्या वेळी गंडांतर आले होते ते रंगाऱ्यांवर. मंजिष्ठेच्या मुळातला तांबडा रंग जर्मन रसायनज्ञांनी १८६९ पर्यंत प्रयोगशाळेत सिद्ध केला होता. पुढे १८९७ साली कृत्रिम नीळही बाजारात उतरली. बापाकडून मुलाकडे आलेली मापे निरुपयोगी ठरू लागली. सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि रसायनशास्त्राचे अध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. तेथे रंगकाम रसायनशास्त्राच्या जोडीने, आणि विशेष म्हणजे देशी भाषेत शिकविले जाई. माप पाठ केलेला कारागीर नव्या रंगापुढे हतबल होतो. तुरटीमुळे सुतावर रंग का टिकतो हे उमगलेला माणूस नवे माप स्वतः बसवितो. याच गज्जरांनी १९०७ साली कोटीभास्कर व अमीन यांच्यासह अलेंबिकचा कारखाना उभारला.

दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, पुढे छपाई, असे एकेक काम त्यांच्या हाताखालून गेले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तो धंदा त्यांच्या शाळकरी वयात जगातच नव्हता. कोणता अभ्यासक्रम त्यांना चित्रपट शिकविणार होता? त्यांच्यापाशी होता तो सरावलेला हात, आणि नवे यंत्र खोलून पाहण्याची भीड नसलेले मन.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षणाला व प्रत्यक्ष उमेदवारीला महाविद्यालयात जागा दिली, हे योग्यच झाले. परंतु पुष्कळ ठिकाणी ‘कौशल्य’ हाही फळ्यावर लिहून देण्याचा आणि तीन तासांत उत्तरपत्रिकेत उतरविण्याचा विषय होऊन बसला आहे. उमेदवारीचे प्रमाणपत्र तर कारखान्याचा उंबरठा न ओलांडताही मिळते म्हणतात! यात फसतो तो खेड्यातून आलेला विद्यार्थी. शहरी मुलाला निदान काकामामांच्या ओळखीने कुठे तरी हात मळविता येतात. शिवाय बेळगाव काय, इंदूर काय, आपण केलेले काम मायबोलीत चार वाक्यांत समजावून सांगणे पदवीधराला जड जाते. पुढे गिऱ्हाइकापुढे आणि कामगारापुढे त्याला तेच करावयाचे असते.

उपाय फार खर्चाचा नाही. विद्यार्थ्याने उमेदवारीच्या दिवसांत काय बिघडविले, का बिघडले आणि ते कसे दुरुस्त केले, याची त्याच्या हस्ताक्षरातील वही परीक्षकाने मागावी, आणि ती त्याच्यासमोर बसून वाचावी. कोरी वही आली तर प्रमाणपत्र परत करावे.