पेवातले धान्य आणि तळघरातले मद्य



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मद्याची तरफदारी करण्यासाठी मी उभा नाही. घराण्याचा धंदा एका पिढीकडून दुसरीकडे जाताना नेमके काय द्यावयाचे असते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

फ्रान्समधील शांपेन प्रांतात थंडीचा कडाका आणि गारपीट द्राक्षांचे पीक कित्येकदा हातचे घालवितात. म्हणून तेथील जुनी घराणी चांगल्या सालच्या मद्याचा काही भाग विकीत नाहीत. खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरांत तो राखून ठेवतात आणि पुढील वर्षांच्या मद्यात मिसळतात. सालाचा उल्लेख नसलेली बाटलीसुद्धा किमान 15 महिने मुरल्यावाचून बाजारात जात नाही. म्हणजे नव्या मालकाच्या पहिल्या बाटल्यांत वडिलांची राखण उतरलेली असते. आपल्याकडे ज्वारीचे पेव असे, त्यातलाच हा प्रकार. पेव नुसते उपसून चालत नाही. ते भरावेही लागते.

आता घराजवळ येऊ. संगमनेरहून पुण्याकडे जाताना नारायणगाव लागते. तेथे श्यामराव चौगुले यांनी 1980 नंतरच्या दशकात शांपेनच्या रीतीने फेसाळ मद्य करून ते 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठविले. पुढच्या पिढीच्या काळात परदेशांतील कंपन्या घेऊन पसारा झपाट्याने वाढला. 2008 ची मंदी आली, कर्ज पेलवेना, आणि अखेर न्यायालयाच्या आदेशाने कंपनी मोडीत निघाली. मंदी काही त्यांनी आणली नव्हती. पण तसे साल कधीतरी येतेच.

दुसरे उदाहरण आपल्याच श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगरचे. महादेव डहाणूकर यांनी 1933 साली साखरेची कंपनी स्थापन केली. पुढे साखर गेली, ब्रँडी आली. मध्यंतरी कर्जाने कंपनी जेरीसही आली. तो भार हलका झाल्यावर त्याच घराण्यातील अमित डहाणूकर यांनी 2025 साली एका फ्रेंच कंपनीचा व्हिस्कीचा धंदा विकत घेण्याचा मोठा करार केला. हे धाडस की उतावीळ, याचा निकाल नफ्याचा आजचा आकडा देणार नाही; वाईट साल देईल.

आपणांपैकी पुष्कळांची शेती, दुकाने, गिरण्या उद्या मुलांच्या हाती जातील. सातबाऱ्यावर नाव चढविणे हे तलाठ्याचे काम आहे. राखून ठेवण्याची सवय मात्र आपल्या हयातीतच द्यावी लागते. किल्ली देताना पेव किती भरले आहे ते दाखवा, कर्ज किती आहे तेही लपवू नका. आणि एखादे वाईट साल आपण जवळ असतानाच मुलांना त्यांच्या हाताने निभावू द्या.