माझ्या उशाशी असलेले यंत्र



बायका घोरत नाहीत, असा आपल्याकडे समज आहे. घोरतात; सांगत मात्र नाहीत. मी घोरत असे, आणि मध्येच श्वास थांबे. झोपेत घसा मिटतो, १० सेकंद किंवा अधिक वेळ हवा आत जात नाही, मग माणूस दचकून श्वास घेतो. तासाला पाचाच्या आत असे झाले तर चालते. माझे ३४ निघाले! दिवसा तांदूळ निवडताना डोळा लागे, आणि घरात नाव पडले आळशी.

डॉक्टरांनी सी-पॅप यंत्र लावायला सांगितले. ते प्राणवायू देत नाही हो. खोलीतलीच हवा नळीने, दाबाने नाकात सोडते, म्हणजे घसा उघडा राहतो. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली.

पहिले आठ दिवस नकोसे झाले. नाकावर वळ, तोंडाला कोरड. धाकटी म्हणाली, "आई, तू हत्ती दिसतेस." मग नर्सबाईंनी सांगितल्यावरून दुपारी जागेपणी, भाजी निवडताना मुखवटा लावून बसू लागले. पट्टे करकचून आवळले की हवा उलट जास्त गळते, हेही तेव्हाच कळले. आता मुखवटा रोज साबणाने धुते, नथीपेक्षा जपते.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात आम्ही साऱ्याजणी एकाच खोलीत निजलो होतो. सर्वांदेखत मी मुखवटा चढवला. थोरल्या जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पहाटे मात्र हळूच जवळ येऊन म्हणाल्या, "अगं, ती तपासणी कुठं करतात?"