पाळक नाहीत, पण मंडळी आहे



मागल्या खेपेस आम्ही तुमच्या गावी आलो, तेव्हा देवळाच्या दाराला कुलूप होते. प्रौढांचा वर्ग पारावर भरला होता. आम्ही विचारले, "देवळात वर्ग का नाही भरवला?" एक आजीबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब बदलून गेले. नवे अजून आले नाहीत. आता घंटा कोण वाजवणार?" शेजारचे बाबा म्हणाले, "मेंढपाळ गेला म्हणजे मेंढरं पांगायचीच."

त्या दिवशी आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते. आज आम्ही एक गोष्ट घेऊन आलो आहोत. गोष्ट खरी आहे. तुमचे पाळक जाऊन काही महिने झाले. या गोष्टीतल्या मंडळीजवळ पंचवीस वर्षे बाहेरून आलेला एकही पाळक नव्हता. तरी ती मंडळी मोडली नाही. कशी टिकली, ते ऐका.

दूरचे बेट

आफ्रिकेच्या पूर्वेला, समुद्रात, मादागास्कर नावाचे बेट आहे. बेट म्हटले तरी लहान नव्हे. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. तिथले लोक आपल्या कोकणातल्या लोकांसारखे भात पिकवतात आणि भात खातात. त्यांच्या भाषेला मलागासी म्हणतात. त्यांची राजधानी डोंगरावर वसलेली आहे. तिचे नाव अंतानानारिव्हो.

१८१८ साली वेल्स देशातून दोन तरुण मिशनरी या बेटावर आले. एकाचे नाव डेव्हिड जोन्स, दुसऱ्याचे थॉमस बेव्हन. किनाऱ्यावर तापाची साथ होती. काही महिन्यांत बेव्हन गेले. दोघांच्या बायका गेल्या, मुले गेली. एकटे जोन्स वाचले. ते बरे झाले आणि १८२० साली राजधानीत पोचले.

त्या वेळी तिथे रादामा नावाचा राजा होता. आपली माणसे शिकावीत अशी त्याची फार इच्छा होती. त्याने शाळा काढू दिल्या. मलागासी भाषा रोमन अक्षरांत लिहायची असे ठरले. मुले शिकली, मोठी माणसेही शिकली. पुढे छापखाना आला. १८३० साली बायबलातला नवा करार मलागासी भाषेत छापून झाला. पुढल्याच वर्षी पहिल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला. अशी तिथे मंडळी उभी राहिली.

राणीचा हुकूम

राजा रादामा १८२८ साली वारला. त्याच्या मागे राणी रानाव्हालोना गादीवर आली. १ मार्च १८३५ रोजी तिने प्रजेला मैदानावर बोलावले आणि हुकूम ऐकवला. आपल्या प्रजेपैकी कोणीही ख्रिस्ती होऊ नये. प्रार्थनेला जमू नये. ज्यांनी हे केले असेल त्यांनी कबूल करावे, आणि जवळची पुस्तके सरकारात जमा करावीत.

राणीने असे का केले? तिला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक, वाडवडिलांची रीत मोडेल. दुसरी, परक्या धर्मामागून परके सैन्य येईल. ही दुसरी भीती अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पुढे १८९६ साली फ्रान्सने ते बेट आपल्या राज्याला जोडले, आणि १९६० साली ते पुन्हा स्वतंत्र झाले. पण राणीने जी शिक्षा दिली, ती आपल्याच गरीब रयतेला दिली. ती क्रूर होती.

हुकूम झाला तेव्हा पूर्ण बायबल छापायचे अजून संपले नव्हते. छापखान्यातले कामकरी भीतीने येईनासे झाले. मग मिशनऱ्यांनी स्वतः खिळे जुळवले, आणि त्याच साली काम पुरे केले. पुढल्या वर्षी, १८३६ साली, शेवटचे मिशनरी बेट सोडून गेले. जाताना त्यांनी पुस्तके विश्वासू माणसांच्या हाती दिली. काही प्रती जमिनीत पुरून ठेवल्या.

साहेब गेले. देऊळ बंद झाले. उरली माणसे आणि थोडी पुस्तके.

त्यांनी काय केले?

सगळेच धीराचे निघाले असे नाही. पुष्कळांनी पुस्तके परत केली. पुष्कळजण घाबरून दूर झाले. आपणही तिथे असतो तर काय केले असते, कोण सांगणार? पण काहीजण राहिले, आणि त्यांनी चार गोष्टी सोडल्या नाहीत.

पहिली गोष्ट, जमणे. दिवसा जमता येईना, म्हणून ते रात्री जमत. घरात भीती वाटली तर रानात, डोंगरावर, गुहेत जमत. गाणे म्हणायचे ते हळू आवाजात. मैलोगणती चालून यायचे, आणि उजाडायच्या आत घरी परतायचे.

दुसरी गोष्ट, वाचणे. हे तुम्ही नीट ऐका, कारण तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. पुस्तक एक आणि ऐकणारे अनेक. ज्याला वाचता येई तो वाचून दाखवी. ज्याला येत नसे त्याला तो शिकवी. पुस्तके झिजली, तेव्हा त्यांनी पाने जोडून, शिवून वापरली. पुस्तक पुरले नाही, तेव्हा हाताने नकला केल्या. त्यांना अक्षर आले नसते तर काय झाले असते? साहेबांबरोबर सारे निघून गेले असते. साहेब गेले, पण अक्षर मागे राहिले.

तिसरी गोष्ट, काम वाटून घेणे. कोणी प्रार्थना चालवी, कोणी वाचन करी, कोणी निरोप पोचवी. पुढे त्यांनी आपल्यातूनच पुढारी निवडले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. राफाराव्हावी नावाच्या बाईच्या घरी प्रार्थनेला माणसे जमत. तिला पकडले, तरी तिने सोबत्यांची नावे सांगितली नाहीत.

चौथी गोष्ट, एकमेकांना सांभाळणे. शिपाई ज्याच्या मागावर असत त्याला दुसरा घरात लपवी. घरात भात थोडा असला तरी त्यातला वाटा पळून आलेल्याला मिळे.

याची किंमत त्यांनी मोजली. कोणाला दंड झाला, कोणाला बेड्या पडल्या, कोणाला गुलाम म्हणून विकले. १८३७ सालच्या ऑगस्ट महिन्यात रासालामा नावाच्या बाईला भाल्याने मारले. मारायला नेत असता ती वाटेने गीत गात होती. १८४९ साली अठरा जणांना मृत्यूची शिक्षा झाली. चौदा जणांना कड्यावरून लोटले आणि चौघांना जाळले.

१८६१ साली राणी वारली. तिचा मुलगा गादीवर आला आणि त्याने बंदी उठवली. कैदी सुटले, लपलेले लोक बाहेर आले. पुढल्या वर्षी मिशनरी परत आले. मेंढरे पांगली असतील असे कोणालाही वाटले असते. पण जेवढी माणसे ते सोडून गेले होते, त्यांच्या कितीतरी पट माणसे उपासनेला येत होती! त्यांचे पुढारी त्यांच्यातलेच होते. ज्या जागी माणसे मारली होती, त्या जागी पुढे दगडी देवळे उभी राहिली. ती आजही राजधानीत उभी आहेत.

आता आपले बघू

आपल्यावर कोणी राणी हुकूम काढत नाही. आपले पाळक बदलून गेले, एवढेच. एका पाळकाकडे चार-चार, पाच-पाच गावे असतात. नवे पाळक यायला उशीर होतो. त्यात कोणाचा राग धरू नये. पण तोवर आपण काय करायचे?

देवळाचे कुलूप उघडा. किल्ली एकाच घरी ठेवू नका, पाळीने ठेवा. रविवारी ठरल्या वेळी घंटा वाजवा. चारच माणसे आली तरी वाजवा. चाराची आठ होतात. पण घंटाच वाजली नाही तर चारही येत नाहीत.

शास्त्र वाचायला दोन माणसे नेमा. एक नेहमी वाचणारा आणि एक नवा शिकलेला. नवा माणूस अडखळेल. अडखळू द्या, हसू नका. शनिवारी घरी तोच भाग दोनदा वाचून आला, म्हणजे रविवारी जीभ कमी अडखळते. भजन म्हणायला पाळक लागत नाहीत. गाणारे गळे तर गावात पुष्कळ आहेत!

मुलांचा वर्ग बंद ठेवू नका. मोठ्यांची सवय सुटली तर ती पुन्हा लागते. मुलांना सवय लागलीच नाही, तर मग अवघड.

आजारी माणसाच्या घरी दोघांनी मिळून जावे. कोणाकडे दुःख झाले तर वाट न पाहता जावे. बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजन ही पाळकांची कामे आहेत. त्यांसाठी शेजारच्या गावच्या पाळकांना पत्र लिहा. पत्र कोणी लिहायचे? तुम्हीच! वर्गात शिकलात ते कशासाठी?

अर्पणाचे पैसे दोघांनी मोजावे, वहीत लिहावे, खाली दोघांनी सही करावी. महिन्याच्या शेवटी तो हिशेब सर्वांना वाचून दाखवावा. पैशाचा हिशेब उघडा असला म्हणजे मने फाटत नाहीत. पाळक नसताना मंडळ्या मोडतात त्या बहुधा भांडणाने मोडतात, हे विसरू नका.

आणि एक सांगतो. तुमच्यात ख्रिस्ती नसलेले भाऊबहीणही बसले आहेत. ही गोष्ट त्यांच्याही उपयोगाची आहे. गुरुजी बदलले म्हणून शाळा ओस पडते. बुवा वारले म्हणून भजनी मंडळ बसते. पुढारी गेला म्हणून सोसायटी बुडते. सगळीकडे दुखणे एकच आहे. एकाच्या खांद्यावर सारे ओझे टाकायचे, आणि तो गेला की हात बांधून बसायचे.

बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, मेंढपाळ गेला म्हणजे मेंढरं पांगायचीच. मुक्या जनावरांचे ते खरे आहे. पण आपण माणसे आहोत. आपल्याला बोलता येते, ठरवता येते, आणि आता वाचता-लिहिता येते. पाळकाला मंडळी लागते. पण मंडळी म्हणजे पाळक नव्हे. मंडळी म्हणजे तुम्ही सारे.

आणि आजी, तुम्ही विचारले होते, घंटा कोण वाजवणार? येत्या रविवारी पहिली घंटा तुम्हीच वाजवा. आम्हीही येऊ, मागच्या सतरंजीवर बसू आणि ऐकू. शास्त्र मात्र तुमच्या वर्गातल्याच कोणीतरी वाचायचे.