लांबून दिसलो, तर वाचलो

दिवाळीच्या आगेमागे आपल्या सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखाने सुरू होतात आणि रस्त्याचं रूपच बदलतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, बैलगाडी, एसटी, मोटारसायकल, सायकलवरून शाळेला निघालेली लेक आणि कार्तिकीला पंढरपूरला चाललेली दिंडी, सगळे एकाच रस्त्यावर. रस्ता सगळ्यांचा आहे, पण धडक झाली की जीव जातो तो बहुतेक वेळा पायी चालणाऱ्याचा नाहीतर दुचाकीवरच्याचा.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ आठवा. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कोल्हापूरकडून आलेल्या दिंडीत मोटार घुसली. सात वारकरी गेले.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं येते. चालकाला माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. गाडी थांबते ती त्याच्याही पुढं. वेग ४० असेल, तर हेच अंतर ११ मीटर होतं. म्हणून गाडीवाल्यानं वेग कमी ठेवायचा आणि आपण लांबून दिसायचं.

सायकलवरच्या मुलींना सांगा, रस्त्याच्या डाव्या कडेनं, एकामागं एक जायचं. गप्पा मारत तिघी-तिघी शेजारून नको. उजवीकडं वळताना आधी मागं बघायचं, मग उजवा हात लांब करायचा. हायवे ओलांडताना खाली उतरून सायकल हातात धरायची. घंटी आणि दोन्ही ब्रेक चालू हवेत. चमकपट्टी पुढं पांढरी, मागं लाल.

पायी चालताना उलटं करायचं. फूटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरची गाडी आपल्याला दिसते. पहाटे आणि अंधार पडल्यावर फिकट रंगाचे कपडे घाला, हातात बॅटरी ठेवा. दिंडीत सगळ्यांत पुढं आणि सगळ्यांत मागं चमकणारं जाकीट घातलेला माणूस हवाच.

मोटारसायकलवर मागं बसताना पदर, ओढणी खोचून घ्या. मागच्या चाकाला साडी गार्ड असलंच पाहिजे, तसा नियम आहे. हेल्मेट मागं बसणारीलाही लागतं. चार वर्षांवरच्या मुलांनाही ते सक्तीचं आहे. आणि अठराच्या आतल्या मुलाच्या हातात गाडीची चावी देऊ नका. त्यानं गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता ट्रॉलीचं. ऊस मागं लोंबतो आणि त्याखाली रिफ्लेक्टर झाकून जातो. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते, तेव्हा तो तिच्यावर जाऊन पोचलेला असतो. त्यासाठी रिफ्लेक्टर लावलेलं कापड उसाच्या वरून मागं सोडायचं. ट्रॉली बंद पडली तर रस्त्यात तशीच सोडायची नाही. कडेला घ्यायची आणि मागं बऱ्याच अंतरावर बॅटरी किंवा रिफ्लेक्टर ठेवायचा. ट्रॅक्टर आपल्याच घरात असेल, तर हे आपणच बोलायचं. "बाईला काय कळतंय" म्हणाले तरी बोलायचं.

एवढं करूनही अपघात झालाच, तर बघत उभ्या राहू नका. १०८ ला फोन लावा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. दवाखान्यात किंवा पोलिसांत स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. वर्गणी काढून चमकपट्टीचे रोल आणा. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक सायकलला पट्टी लावा, गावातल्या ट्रॉल्या मोजा, कोणत्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही ते लिहून काढा आणि तो कागद घेऊन मालकाच्या दारात पाच-सहा जणी मिळून जा. एकटीचं कुणी ऐकत नाही, गटाचं ऐकतात. हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.